घोडीचं दाणापाणी

"अगं, वायर काढून बघ! लावलेली असली की लबाडी करते ती," बाबा आतून ओरडले.

"बॅटरीचे पाचही दिवे लागलेत, बाबा. पोट भरलंय तुमच्या घोडीचं!" म्हणत सुनेनं चाकाच्या खुर्चीचा चार्जर ओढला आणि तिथं इस्त्री लावली. खोलीत सॉकेट एकच, आणि ब्लाउज न्यायला आलेली बाई दारात ताटकळत उभी.

रीत तिला पाठ होती. प्लग काढायचा, भाजी चिरून होईस्तोवर थांबायचं, मग दिवे बघायचे. चार्जिंग चालू असताना दिसतात ते दिवे खरे नसतात. पण आज थांबायला सवड कुणाला होती?

बाबा निघाले. गुडघ्याखाली चिमटा काढला तरी त्यांना कळत नसे. "डासांना माझ्याकडे फुकटची खानावळ," असं स्वतःच म्हणायचे. पण रोज दुपारी कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे गप्पा छाटायला जायचे, ते एकटेच. कुणी मागून खुर्चीला हात लावला की खवळायचे.

आज मागून न्हावी ढकलत आला.

"चढावर अडली घोडी. किती वेळ उन्हात बसले होते कोण जाणे! येणाऱ्या-जाणाऱ्याला एक हाक मारतील तर शपथ."

बाबांनी मांडीवर वर्तमानपत्र पसरलं होतं, दोन्ही हातांनी घट्ट धरून. ओल कागदातून वर आली होती. ते तिच्याकडे बघत नव्हते.

संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, "चार्ज नव्हती का केली?"

ती काही बोलणार तोच बाबा म्हणाले, "मीच घाई केली रे. ती बिचारी थांबा म्हणत होती."

तिनं ते खोडून काढलं नाही. खाली मान घालून ताटं वाढत राहिली.

दुसऱ्या दिवशी कपडे तसेच चुरगळलेले ठेवून तिनं प्लग काढला. भाजी चिरली. चिरून झाल्यावरही जरा वेळ खुर्चीपाशी बसून राहिली. मग बघितलं. पाचही दिवे, खरेखुरे.

"बाबा, घोडी तयार आहे. वायर काढून बघितलंय मी. नीट थांबून."

बाबांनी खिडकीतून रस्त्याकडे बघितलं.

"आज नको गं. पाय दुखतायत."

ती खाली वाकली आणि त्यांच्या पोटरीवर बसलेला डास हलकेच हाकलला.