तो माणूस परत का आला?

मी चौथा धडा बोलतोय. नवशिक्यांच्या इंग्रजी वाचनपुस्तकातला. बोलतोय कसला, कुरकुरतोय म्हणा. आयुष्यभर लोकांनी मला इतकं मोठ्यानं वाचलं, की माझं कुणी ऐकलंच नाही.

पदव्यांच्या ओझ्यानं वाकलेल्या एका भित्र्या विद्वानानं मला लिहिलं. चारच वाक्यं: एक माणूस कोट घालतो. बाहेर पडतो. पाऊस येतो. तो परत येतो. खाली प्रश्न: तो परत का आला? छत्री नसल्याचंही एक वाक्य होतं, ते त्यानं खोडलं. “वाचणाऱ्याला कळेल,” म्हणाला. लगेच म्हणाला, “कळेल ना?” माझ्यातली धाकधूक त्याचीच.

नाही कळलं. माझी पहिली मालकीण शाळकरी मुलगी. तिनं उत्तर लिहिलं: ‘तो परत आला.’ तिच्या धाकट्या भावानंही तेच लिहिलं, आणि त्याच्यामागून आलेल्यांनीही. प्रश्नातले शब्द धड्यात हुडकायचे, सापडले की ते वाक्य उचलून खाली ठेवायचं. झाला अभ्यास! अहो, तो आला हे मला ठाऊक आहे. का आला? कपाळाला हात लावावा, तर मला कपाळही नाही. कधी वाटे, दोष माझाच असेल. चार वाक्यांत जीव तो किती असणार?

रद्दीतून मी मोठ्या माणसांच्या संध्याकाळच्या वर्गात आलो. शिंप्याच्या दुकानावरची खोली, पत्र्याच्या खुर्च्या. सर “म्हणा” म्हणाले, की सगळे एका सुरात म्हणत. सर्वांत खणखणीत आवाज मावशींचा. त्या एका हॉटेलच्या धुलाईघरात ओल्या चादरी उचलत. कंबर पार कामातून गेलेली. तिथं नवं यंत्र आलं होतं. त्याच्यावरची इंग्रजी सूचना वाचून दाखवली, तर यंत्रावर काम. नाहीतर चादरी आहेतच.

एके दिवशी त्या आल्या, पण खुर्चीत बसेनात.

“सर, मुकादमाला सूचना घडाघडा वाचून दाखवली. शाब्बास म्हणाला. उद्यापासून यंत्र माझं.”

“वा! मग चेहरा का असा?”

“ती सूचना काय सांगते, तेच मला कळलं नाही. मला वाटतं, त्यालाही नाही.”

“पास झालात ना मावशी?” मागच्या खुर्चीवरचे ड्रायव्हरकाका म्हणाले. “आता काय इंग्रजीशी सोयरीक जुळवताय?”

“तुम्ही गप्प बसा हो. हात माझा जाणार आहे.”

सरांनी माझं पान उघडलं, स्वतःचा कोट मावशींना घालायला दिला आणि म्हणाले, “निघा बाहेर.” मावशी दाराबाहेर पोचतात न पोचतात, तोच सरांनी पाण्याची बाटली त्यांच्या डोक्यावर रिकामी केली.

“अगं बाई! सर, भिजले की!” मावशी आत धावल्या.

“का परत आलात?”

“का म्हणजे? भिजले म्हणून! छत्री कुठाय माझ्याकडे?”

मावशींनी पाणी गळणारं बोट माझ्या शेवटच्या वाक्यावर दाबून धरलं. “म्हणजे हा मेलाही…?”

हो मावशी, हो! इतकी वर्षं घसा कोरडा करून दुसरं काय सांगतोय मी?

मग सूचना. ती त्यांना पोपटासारखी पाठच होती. खुर्ची झाली यंत्र, ड्रायव्हरकाकांचा लाल रुमाल झाला दिवा. सर एकेका शब्दापाशी थांबवून तो करून दाखवायला लावत होते.

“लाल दिवा… चालू असेपर्यंत… दार… उघडू नका,” मावशींनी जुळवलं.

“का नको?”

ते सूचनेत लिहिलेलं नव्हतं. मावशी खुर्चीकडे बघत राहिल्या. “आत उकळतं पाणी असणार.” आणि त्यांनी तो लाल रुमाल उचलला. “सर, मुकादम तर म्हणाला, लाल दिवा लागला की उघडायचं.”

मावशींचे दोन्ही हात आज शाबूत आहेत. ते यंत्रच चालवतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुकादमालाही खुर्ची मांडून शिकवलं म्हणे.

माझं पान मात्र तेव्हापासून फुगलंय, शेवटच्या वाक्याची शाई पसरलीय. नवीन आलेले अजूनही लिहितात, ‘तो परत आला.’ काय बोलावं! सवय लवकर जात नाही, आणि माझी कुरकुरही. तरी एक विनवणी करून मिटतो. माझ्यापाशी आलात, की घटकाभर तोंड बंद ठेवा, आणि त्या बिचाऱ्याला भिजताना बघा.