उत्तरासाठी थांबण्याची वेळ

घड्याळे दुरुस्त करण्यात ज्यांची चाळीस वर्षे गेली, त्या गृहस्थांना सारी गल्ली घड्याळजी म्हणूनच ओळखत असे. दुकान बंद झाले, तरी वक्तशीरपणा सुटला नव्हता. पत्नीचे हृदय अशक्त झाले, तेव्हा रुग्णालयाने त्यांच्या घरी एक बोलके यंत्र बसवून दिले. सकाळी ठीक आठ वाजता ते विचारी, "आज श्वास कसा आहे? पायांना सूज आहे का?" उत्तरे रुग्णालयात पोहोचत आणि त्यांवरून औषधाची मात्रा ठरे.

पत्नी शब्द जुळवीत असतानाच, पाच सेकंद थांबून, यंत्र पुन्हा तोच प्रश्न विचारी. हे दुसरे विचारणे घड्याळजींना सोसवत नसे. पाहुण्याला दारात तिष्ठत ठेवल्यासारखे वाटे. तोंडाला दाढीचा साबण तसाच ठेवून ते उत्तर देत, "बरी आहे. सूज नाही."

"अहो, मला विचारलंय ना त्यानं?"

"तू तोंड उघडेपर्यंत त्याची दुपार होईल."

ती नुसती हसे. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात वाण्यापासून वैद्यापर्यंत सर्वांना तिची उत्तरे त्यांनीच दिली होती. त्यात माया होती, आणि सवयही.

तीन आठवड्यांनी परिचारिका घरी आली. अहवाल इतका उत्तम होता, की सूज उतरवणारी गोळी निम्मी करण्याचे डॉक्टरांनी योजले होते. तत्पूर्वी एकदा प्रत्यक्ष पाहून येण्यास तिला सांगितले होते. तिने आजींच्या घोट्यावर अंगठा दाबला. उमटलेला खळगा बराच वेळ भरून आला नाही.

"आजी, रोज सूज नाही म्हणून सांगता?"

"मी कुठं सांगते, बाई? आमच्या घरात बोलायचं खातं यांच्याकडे."

परिचारिकेने यंत्रातील आवाजाच्या नोंदी लावल्या. प्रश्न येई, मग शांतता. त्या शांततेत एक श्वास अर्धा येई, अडे, पुन्हा येई. आणि त्यावर घड्याळजींचा खणखणीत आवाज. एकवीस सकाळी हेच.

"पुन्हा लाव," घड्याळजी म्हणाले. डोळे मिटून, मान कलती करून त्यांनी ऐकले. "श्वासाची चाल अडखळतेय. मी रोज ती झाकून बोलत गेलो."

"पाच सेकंद आम्हीच ठेवले होते, आजोबा. तुमची एकट्याची चूक नाही."

तिने डॉक्टरांना दूरध्वनी केला. गोळी कमी करण्याऐवजी वाढवण्यात आली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तपासणीस बोलावणे आले. जाताना तिने यंत्राचे थांबणे चाळीस सेकंदांवर नेले.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता प्रश्न आला. घड्याळजी पत्नीसमोर स्टूल घेऊन बसले होते. दहा सेकंद गेले. त्यांचे ओठ हलले. तिने एक बोट वर केले. ते थांबले.

"आडवं... होता येत नाही," ती म्हणाली. "पाच रात्री... बसूनच काढल्या."

"शेजारी मी घोरत होतो," ते हळूच म्हणाले. "मला का नाही उठवलंस?"

"तुम्ही सांगता... ना सगळं. म्हटलं... तुम्हाला ठाऊक असेल."

यंत्राने पुढचा प्रश्न विचारला. घड्याळजींनी तिचा हात हातात घेतला आणि ती श्वास गोळा करीत असताना मुकाट्याने तिच्याकडे पाहत राहिले.