ताईंनी पुसलेली ओळ

मी एक प्रोग्राम बोलतोय. अंगापिंडाने किरकोळ, पण आठ पृथ्व्या माझ्या हाताखालून गेल्यात. खऱ्या नव्हेत, हवामानशास्त्रज्ञ संगणकात फिरवतात त्या. त्यांना ते मॉडेल म्हणतात.

हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट केला, की पृथ्वी तापायच्या आधीच किती जादा उष्णता अडकते, ते मी मोजतो. त्यासाठी मॉडेलमधल्या समुद्राचं तापमान बांधून ठेवावं लागतं. समुद्र तापला, की उष्णता परत बाहेर जाते आणि आकडा घसरतो.

मला ताईंनी जन्म दिला, तोही रागाच्या भरात. त्या आठांतलं एक मॉडेल ताईंचंच. आठही मॉडेलांच्या तुलनेच्या बैठकीत ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने मोजून आकडे आणले होते. ताईंचा सगळ्यांत मोठा निघाला.

"तुझं मॉडेल अहवालातून वगळू या," बिस्किट कॉफीत बुडवत बैठकीचे प्रमुख सर म्हणाले. ताईंची आठ वर्षांची मेहनत त्या बिस्किटाआधी विरघळली.

"आधी सगळ्यांना एकाच मापाने मोजू, मग वगळा," म्हणत ताई मला लिहायला बसल्या.

ताईंचा समुद्र बांधलेलाच होता, पण मी सरांच्या मॉडेलपाशी अडलो. त्यांचा समुद्र मोकाट! बांधायचाच राहून गेलेला. सर मोठे, म्हणून बाकीच्यांनीही तसंच केलेलं. कुणाचा वर्षभर मोकळा, कुणाचा दहा वर्षं. मी लाल अक्षरांत आरडाओरडा केला.

सर ताईंच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. "हे बघ, आमच्यापुरती एक छोटी सवलत घाल यात. तुझंही मॉडेल ठेवतो. उगाच शोभा कशाला?"

ताईंनी खरंच सवलतीची ओळ लिहिली: सरांचं मॉडेल असेल, तर समुद्र तपासू नकोस.  मग त्यांनीच ती पुसून टाकली.

"नको सर. उद्या माझाही आकडा कुणी खरा मानणार नाही. समुद्र बांधा आणि पुन्हा चालवा."

सर पाय आपटत गेले, पण समुद्र बांधला. बाकीच्यांनीही मुकाट्याने बांधला. सगळ्यांचे आकडे ताईंच्या आकड्याच्या आसपास येऊन बसले.

"मी म्हणतच होतो, माप एकच हवं," सर पुढच्या बैठकीत म्हणाले. ताईंना ठसका लागला. त्यांचं मॉडेल अहवालात राहिलं.

आता रोज कुणीतरी मला लाडीगोडी लावतं, "आमचं मॉडेल जरा वेगळं आहे हो." सगळ्यांचंच वेगळं असतं. बाबांनो, माझं नाव बदला, मला शिव्या घाला; पण ती ओळ तेवढी घालू नका. ताईंनी पुसलेली जागा अजून रिकामी आहे. मला ती तशीच आवडते.