फिरत्या मजल्यावरचा ओवसा

प्राप्तीवहिनीचा पहिला ओवसा मांडव्याच्या जेट्टीवर यथासांग पार पडला. आता हे वाक्य विसरा. काहीच झालेलं नाही. सूप अजून रिकामं आहे आणि प्रणयदादाला गौरीची सुट्टी मिळेल अशी आशा आहे.

मिळाली नाही.

माझा हा थोरला भाऊ मुंबईत समुद्राकाठच्या एका उंच हॉटेलात नोकरीला आहे. हॉटेल जुनं. त्याला तेरावा मजला नाही. बाराव्यावरून लिफ्ट थेट चौदाव्याला जाते आणि तिथले पाहुणे निर्धास्त झोपतात. बांधकामाला रेती आमच्या खाडीतली गेली. आजोबांनी ती पडावात भरली, म्हणून आमच्या घरात त्या इमारतीला ‘आपली’ म्हणतात. हॉटेलला हे कळवलेलं नाही.

सगळ्यात वर फिरतं रेस्टॉरंट आहे. खिडक्या जागच्या जागी; टेबलांखालची जमीन तेवढी फिरते, तासाला एक फेरी. ती फिरवण्याचं काम दादाचं.

आता आमच्याकडे नव्या सुनेने नवऱ्याला पहिल्यांदा ओवसायचं, म्हणजे वाणाचं सूप घेऊन ओवाळायचं, तर गौर पूर्वा नक्षत्रात यावी लागते. चुकलं की पुढच्या पूर्वेपर्यंत बसा. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी पूर्वा आली, आणि हॉटेलने सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द केल्या.

“व्हिडिओ कॉल लावू?” मी विचारलं.

“मोबाइलातल्या नवऱ्याला ओवसत न्हाईत,” आई म्हणाली. “माणूस समोर हवा.”

वहिनी हळूच म्हणाली, “आई, जेट्टीवरून हॉटेल दिसतं.”

आईने विचार केला. “दिसतंय ना? मग त्यात तो हाय.”

जेट्टीवर वहिनी नव्या साडीत, हातात सूप. सुपात हळदीची पानं, काकडी, केळी, विडा. पलीकडे इमारत काडीएवढी. फोन स्पीकरवर.

“वर खुर्चीत बसलो,” दादा म्हणाला. “मांडवा समोर आहे. होता. आता स्टेशन दिसतंय.”

“अरे, ऊठ आणि दुसऱ्या खिडकीला जा!” मी म्हणालो.

“खबरदार!” आई ओरडली. “ओवशाला बसलेला माणूस पाटावरनं उठत न्हाय.”

खुर्चीला पाट मानलेलं असल्याने नियम खुर्चीलाही लागू झाला. दादा बसल्या बसल्या मुंबई फिरू लागला. वहिनी सूप धरून उभी. बोटी आल्या, गेल्या. एका पाहुण्या कुटुंबाने तिच्यासोबत फोटो काढला.

“हात दुखले का गं?” दादाने विचारलं.

“तीन वर्षं थांबले, एका फेरीचं काय. कुठं पोचलात?”

“गोदीपर्यंत. येतोच.”

असं ‘येतोच’ तो दर शिमग्यालाही म्हणतो.

मांडवा समोर येताच त्याने वेटरला बटण दाबायला लावलं. जमीन थांबली. वहिनीने त्या काडीसमोर सूप ओवाळलं, कपाळाला लावलं आणि म्हणाली, “दिसले.”

मला इमारतही दिसत नव्हती. मध्ये ढग आला होता.

जमीन पुन्हा फिरली नाही. तिचे सुटे भाग बनवणारा कारखाना कधीच बंद पडलाय. भाग मिळेपर्यंत दादाने जागा सोडायची नाही, असा हॉटेलचा हुकूम आहे. वहिनी रोज संध्याकाळी जेट्टीवर जाते. म्हणते, “तोंड तरी आता इकडे आहे.”

सबब हॉटेल व्यवस्थापनास नम्र विनंती, की सदर इमारतीत वापरलेली आमच्या खाडीची रेती, तीवर बसलेल्या इसमासह, मूळ जागी परत करण्यात यावी. पाहुणे आपण ठेवून घ्यावेत.