वरच्या तळ्याचा ओढा

माझ्या थोरल्या लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं, त्या वर्षी डोंगरावरच्या राष्ट्रीय उद्यानाने पहिल्यांदा एका बाईला वाटाड्या म्हणून घ्यायचं ठरवलं. आमच्या घरातून अर्ज दोन गेले, माझा आणि धाकट्या जावेचा.

पंधरा वर्षं मी त्या डोंगरात मेंढ्या चारल्या होत्या. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा चार पावलं चढली की तिला धाप लागायची. वाटा तिला मीच दाखवल्या. पण परीक्षा लेखी होती आणि मला सहीसुद्धा येत नव्हती. जागा तिला मिळाली.

नवं खाकी जाकीट घालून ती आरशासमोर उभी राहिली. "जाऊबाई, कशी दिसते?"

"पोस्टमनसारखी."

दीर हसले. तीही हसली, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पहिल्याच फेरीला सहा पाहुणे घेऊन ती वरच्या तळ्याकडे निघाली. वाटेतला ओढा बर्फाच्या पाण्याचा. सकाळी घोट्याएवढा, ऊन तापलं की छातीएवढा. मेंढ्या घेऊन आम्ही नेहमी दुपारच्या आत परतायचो, त्यामुळे तिने तो भरलेला कधी पाहिलाच नव्हता.

"तळ्यावर जेवून चारपर्यंत येते," बूट बांधता बांधता ती म्हणाली.

शब्द जिभेवर आला होता. मी गिळला. पडू दे तोंडघशी, एवढंच मनात होतं. बुडू दे असं नव्हतं. पण हे ओढ्याला कोण सांगणार?

पाच वाजून गेले. दीर येरझाऱ्या घालू लागले. मला राहवेना. दोर घेऊन वर धावले.

पलीकडच्या काठावर तिने पाहुण्यांना ओळीने बसवून ठेवलं होतं. मधे पाणी नुसतं गर्जत होतं.

"जाऊबाई, हे उतरणार कधी?"

"पहाटे! कुणी पाय घालू नका!"

"मग सकाळीच का नाही सांगितलंत?"

मी दोराची गाठ सोडत बसले.

पहाटे सगळे सुखरूप उतरले. पाहुण्यांनी कार्यालयाच्या वहीत लिहिलं, इतकी सावध बाई पाहिली नाही. म्हणजे माझ्या गप्प बसण्यानेही नाव तिचंच झालं. घरी तिने चकार शब्द काढला नाही. भांडली असती तर परवडलं असतं.

त्या जळफळाटातच मी पाटी हातात घेतली. चार वर्षांनी दुसरी जागा निघाली, ती मला मिळाली. पण पहिली ती. लोक अजून तेच म्हणतात आणि मला अजून खुपतं.

धाकटी गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियाने गेली. एकसष्ट वर्षांची होती.