दहा मिनिटं मोटारी बंद

मोडेमनं पुन्हा गळा काढला. किरकिरला, खरवडला, पत्र्यावर वाळू फेकल्यासारखा आवाज केला आणि गप्प झाला. इंटरनेटची लाईन लागता लागता तुटली.

"मेलं का गं?" दीपानं विचारलं.

"मरतंय कशाला? नाटकं करतंय," जयमाला म्हणाली आणि पुन्हा नंबर लावला. पुन्हा तेच.

कोल्हारच्या अलीकडं, कालव्याच्या कडेला बौद्धवस्ती आहे. तिच्यातलं पहिलंच घर रंभाजी साळव्यांचं. जयमाला त्यांची थोरली, दीपा धाकटी. घरात एक जुना कॉम्प्युटर, एक फोन आणि दोघांच्या मध्ये विटेएवढा मोडेम. पुण्यातली एक कंपनी मराठी शब्दकोश कॉम्प्युटरवर चढवत होती. हस्तलिखित पानं एसटीनं यायची, दोघी बहिणी ती टाइप करायच्या आणि फोनच्या तारेवरून परत पाठवायच्या. कालव्याकाठी बसून शब्दकोश लिहायचा! ज्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना गावच्या शाळेत पायरीच्या वर येऊ दिलं नाही, त्या वस्तीत. जयमालाला याची मजा वाटायची. मनातल्या मनात नाही, उघडउघड. येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगायची, "आमी आता 'म'पर्यंत आलो."

आणि 'म'पाशीच गाडं अडलं. जिथं फोन लावायचा तिथं नवी यंत्रं बसली होती आणि जुन्या मोडेमला त्यांची भाषा कळेना. उपाय होता. मोडेमच्या पोटात जो प्रोग्राम असतो, ज्याला फर्मवेअर म्हणतात, तो काढून नवा घालायचा. पुण्याच्या मॅडमनी नवा प्रोग्राम फ्लॉपीत घालून एसटीच्या कंडक्टरकडं दिला. पण फोनवर स्पष्ट सांगितलं, "जयमाला, छपाईचं वेळापत्रक आहे. 'म'ची पानं शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आली नाहीत तर मला हे काम दुसऱ्याला द्यावं लागेल. वाईट वाटून घेऊ नकोस."

वाईट कशाचं वाटायचं? काम जाणार होतं. वाईट वाटणं हा त्यानंतरचा भाग.

फ्लॉपी आणि मोडेम घेऊन जयमाला आधी नगरला गेली होती, जिथून मोडेम घेतला त्या दुकानात. दुकानदार गादीवरून उठलासुद्धा नाही.

"नाव?"

"जयमाला."

"पूर्ण नाव. आडनाव?"

"साळवे."

"अच्छा, अच्छा."

हे 'अच्छा' दोनदा येतं तेव्हा त्याचा अर्थ काय असतो, ते ज्याला ऐकावं लागतं त्यालाच ठाऊक. मोडेम खरेदी करताना त्यानं आडनाव विचारलं नव्हतं. पैसे घेताना कुणी विचारत नाही.

"हे बघा," तो म्हणाला, "नवा प्रोग्राम चढत असताना वीज गेली किंवा नुसती कमी जरी झाली, तरी मोडेम कायमचा दगड होतो. पुन्हा जिवंत होत नाही. हे काही वस्तीवर बसून करायचं काम नाही. ठेवून जा. पंधरवड्यानं चक्कर मारा."

जयमालानं मोडेम पिशवीत टाकला. "पंधरवड्यानं तुमीच चक्कर मारा आमच्याकडं," ती म्हणाली. "कसा चालतो दाखवते." आणि पायऱ्या उतरली.

बोलायला बोलली खरी. पण दुकानदाराचं 'अच्छा' खोटं असलं तरी विजेचं म्हणणं खरं होतं.

शुक्रवार उजाडला. एप्रिलचं ऊन, उसाला पाण्याची ओढ, आणि शिवारातल्या सगळ्या मोटारी एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर. वीज आली रे आली की विहिरीविहिरीवर मोटारी घरघरायला लागायच्या आणि घरातला बल्ब पिकलेल्या लिंबासारखा पिवळा पडायचा. स्टॅबिलायझरचा काटा तळाला जायचा, डबा टकटक करायचा, कॉम्प्युटर बंद पडायचा. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी संपली होती. लाईट गेली की तो नुसता ओरडायचा, घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखा. वाट बघून उपयोग नव्हता. वीज असली की मोटारी असणारच.

"मग काय करायचं?" दीपा म्हणाली.

"मोटारी बंद करायच्या."

"कुनाच्या?"

"समद्यांच्या."

सुमनबाई, दोघींची आई, ज्वारी पाखडत होती. तिचं सूप जागच्या जागी थांबलं. "डोकं फिरलं का तुझं? ती मान्सं आपल्या सांगन्यावरनं मोटारी बंद करत्याल व्हय?"

"का न्हाई करनार? त्यांचे फोन कुठं येतात, आई?"

सुमनबाईनं सूप खाली ठेवलं. त्या सगळ्या शिवारात फोन एकच, साळव्यांचा. गावठाणात होते चारदोन, पण मळ्यात राहणाऱ्यांना ते लांब. म्हणून सगळ्यांनी आपापल्या नातेवाइकांना पीपी नंबर, म्हणजे शेजारचा निरोपाचा नंबर, म्हणून साळव्यांचाच दिलेला. कुणाची लेक बाळंत झाली, कुणाचा भाऊ वारला, कुणाच्या पोराचा पेपर अवघड गेला, सगळं आधी साळव्यांच्या घरात कळायचं. मग दीपानं उन्हातान्हात बांधाबांधानं पळायचं आणि हाका मारायच्या. कधी नाही म्हटलं नाही.

पहिला भेटला गोरक्ष. विहिरीच्या काठावर बसून बिडी ओढत होता. जयमालानं सगळं सांगितलं.

"दहा मिन्टं?" तो हसला. "आगं, माझी मोटार जळाली तर मी चार-चार दिवस बंद ठिवतो. दहा मिन्टांचं काय कौतिक? पर माझं सोड. तात्याचं काय करशील?"

तात्या म्हणजे राधाकृष्ण. सगळ्यात मोठा ऊस त्यांचा, सगळ्यात मोठी मोटार त्यांची. ती एकटी चालली तरी अर्ध्या शिवाराचे बल्ब मान टाकायचे. त्यांचा हर्षल नाशिकला कॉलेजात होता आणि दर रविवारी साळव्यांच्या फोनवर फोन करायचा. तात्या कधी यायचे नाहीत. त्यांची बायको बनुबाई यायची. उंबऱ्याच्या आत एक पाऊल, रिसीव्हर पदराच्या टोकात धरायचा, पोराशी पोटभर बोलायचं, डोळे पुसायचे, आणि सुमनबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला की म्हणायचं, "नको बाई, आत्ताच पिऊन आले." दर रविवारी आत्ताच पिऊन यायची.

तात्या लिंबाखाली बाजेवर आडवे होते.

"कोन गं? रंभाजीची पोरगी व्हय?"

"जयमाला. नाव हाय मला."

"बरं. काय काम काढलंस?"

तिनं सांगितलं. मोडेम, प्रोग्राम, वीज, दहा मिनिटं. दुपारी वीज आली आणि आईनं आरोळी दिली की सगळे आपापली मोटार बंद करतील, तुम्हीही करा.

तात्या उठून बसले. त्यांना हसावं की चिडावं ते ठरवता येईना. "म्हंजे तू टाइप करनार म्हनून मी माझा ऊस वाळवू?"

"दहा मिन्टांत ऊस वाळत न्हाई, तात्या. तुमाला बी ठाव हाय."

"मोटार माझी हाय. माझ्या मर्जीनं चालती."

"फोन माझा हाय. त्यो बी माझ्याच मर्जीनं चालतो."

तात्यांच्या कपाळावरची शीर उठली. "धमकी देती का मला?"

"हिशोब सांगते. फोनचं बिल कुनी भरत न्हाई, मी भरते. या कामातनं भरते. आज काम गेलं तर उद्या फोन परत. मग हर्षलला कळवा, रविवारी कार्ड टाकत जा म्हनावं."

"आमी तुमच्या दारात येतो हे आमचं उपकार समज," तात्या म्हणाले.

जयमालाचं रक्त उसळलं. एवढ्या दिवसांचं सगळं वर आलं. पण आवाज तिनं चढवला नाही, नीट एक-एक शब्द टाकला. "उपकार कुनी कुनावर केले ते माझ्या भनीच्या पायाला इचारा, तुमच्या बांधावरनं पळून पळून सोलल्यात. रिसीव्हर पदरात धरता, धरा. आमच्या घरचं पानी पीत न्हाई, नका पिऊ. जबरदस्ती न्हाई. पर दहा मिन्टं मोटार बंद करा."

बाजेमागं दारात बनुबाई उभी होती. ती कधीपासून उभी होती कुणास ठाऊक. तिनं जयमालाकडं पाहिलं नाही. नवऱ्याकडं पाहून म्हणाली, "करा की वो बंद. पोराचा आवाज ऐकायचा का न्हाई मला?"

तात्या खाकरून एका बाजूला थुंकले. ते 'हो' होतं.

दुपारी वीज आली. शिवार घरघरायला लागलं. सुमनबाई ओट्यावर उभी राहिली. वस्तीतली पोरंबाळं, म्हातारेकोतारे अंगणात जमले. सुमनबाईनं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि अशी आरोळी ठोकली की कालव्यातल्या म्हशींनी माना वर केल्या.

"बंऽऽद करा वोऽऽ!"

एक मोटार थांबली. मग दुसरी, मग गोरक्षाची. सगळ्यात शेवटी तात्यांची मोठी मोटार थांबली आणि शिवारात अशी शांतता पडली की पाटातलं पाणी ऐकू यायला लागलं. घरातला बल्ब पांढराशुभ्र झाला.

"काटा वर आला!" दीपा ओरडली. ती स्टॅबिलायझरसमोर मांडी घालून बसली होती.

जयमालानं फ्लॉपी सरकवली. पडद्यावर सूचना आली, वीजपुरवठा बंद करू नका. "सांगतंय बी कुनाला!" ती पुटपुटली आणि कळ दाबली. निळी पट्टी डावीकडून हळूहळू सरकायला लागली. मोडेमचे सगळे दिवे विझले. जुना प्रोग्राम पुसला गेला होता आणि नवा अजून भरायचा होता. या क्षणी त्या डब्यात काहीच नव्हतं. आता मागं फिरायची सोय नव्हती.

पट्टी अर्ध्यावर आली आणि बल्ब पिवळा पडला.

"काटा पडतोय गं जयू!"

बाहेर एक मोटार घरघरत होती. सुमनबाईची आरोळी आली, "कुनाची हाय रं ती? कुनाची चालू झाली?"

"तात्याची!" लांबून गोरक्षाचा आवाज. "तात्या, नुसतं बटन दाबलं का? आटू काढा, आटू!"

झालं होतं असं की स्टार्टरला जे ऑटो लावलेलं असतं, वीज असली की आपोआप मोटार सुरू करणारं, ते तात्यांनी तसंच ठेवलं होतं. मोटार बंद करायची सवयच नव्हती त्या माणसाला, फक्त चालू करायची. ऑटोनं थोडी वाट पाहिली आणि आपलं काम केलं.

जयमालानं टेबलाची कड घट्ट धरली. कशालाच हात लावता येत नव्हता. स्टॅबिलायझर टकटकला. पडदा एकदा आकसला, पुन्हा पसरला. पट्टी जागेवर थांबली. बाहेर आता सगळं शिवारच ओरडत होतं. गोरक्ष ओरडत होता, वस्तीतली पोरं बांधावर चढून ओरडत होती, आणि त्या सगळ्यांच्या वर बनुबाईचा आवाज, तिच्या नवऱ्याच्या नावानं नव्हे पण त्याच्याच दिशेनं, "आवं, पळा की! बघत काय बसलात!"

तात्या पळाले. धोतराचा सोगा हातात धरून, भिजल्या सरीतून, घसरत, शिव्या देत राधाकृष्ण पळाले. त्या शिवारात त्यांना पळताना कुणी पाहिलं नव्हतं. मोटारीच्या खोलीत घुसले आणि ऑटो-फिटोच्या भानगडीत न पडता सरळ फ्यूजच उपसून काढला.

घरघर तुटली. बल्ब पांढरा झाला.

"वर आला! काटा वर आला!"

पट्टी हलली. आधी केसभर, मग बोटभर, मग टोकापर्यंत. पडद्यावर ओळ आली, काम यशस्वी. मोडेमचे दिवे एकामागून एक पेटले.

दीपानं टाळ्या पिटल्या. जयमालानं तिला गप्प बसवलं. "आजून लाईन लागायचीय."

नंबर लावला. मोडेम किरकिरला, खरवडला, मग एक नवाच सूर आला, घुमल्यासारखा, खोल. आणि एकदम शांत. पण ही शांतता तुटलेल्या लाईनीची नव्हती. पडद्याच्या कोपऱ्यात चित्रातले दोन छोटे कॉम्प्युटर एकमेकांना डोळे मिचकावत होते. लाईन लागली होती, आणि आजवर कधी नव्हती एवढ्या वेगानं.

तिनं 'म'ची पानं जोडली आणि पाठवा म्हटलं.

बाहेरून तात्यांचा आवाज आला. बांधावर उभे होते, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात फ्यूज. "झालं का? दहा मिन्टं कवाच सरली!"

जयमाला ओट्यावर आली. "प्रोग्राम चढला. पानं चालल्यात आजून. मधीच वीज कमी झाली तर पुन्हा पहिल्यापासनं. थांबा."

"आनि किती?"

"जातील तवर."

तात्यांनी आजूबाजूला पाहिलं. गोरक्ष पाहत होता, वस्ती पाहत होती, त्यांची बायको पाहत होती. ते बांधावर उकिडवे बसले.

पानं गेली. सगळी गेली. जयमालानं लाईन तोडून फोन मोकळा केला आणि तो लगेच खणखणला. पुण्याच्या मॅडम.

"अगं, आली सगळी! आणि इतकी पटकन? दुकानदाराकडून करून घेतलंस का?"

"नाही मॅडम. मी केलं. मी आणि आमच्या शिवारानं."

"बरं, मग ऐक. पुढचा सगळा भाग तुझ्याकडंच देऊ का? झेपेल?"

"द्या. आता आम्ही दोघी नाही बसणार, चौघी बसू. वस्तीतल्या अजून दोघींना शिकवते. आणि मॅडम, शब्दकोशात टाइप करणाऱ्यांची नावं छापतात ना? पूर्ण छापा. आडनावासकट."

तिनं फोन ठेवला. बाहेर आली. सगळं शिवार तिच्या तोंडाकडं बघत उभं होतं. माणसं, म्हशी, पाटात थांबलेलं पाणी. तिला घाई नव्हती. तिनं एकदा सगळीकडं नजर फिरवली, पदर खोचला, आईला बाजूला केलं आणि स्वतःच हात तोंडाशी नेले.

"कराऽऽ चालू!"

एक मोटार लागली. दुसरी लागली. गोरक्षाची लागली आणि त्यानं लांबून शिट्टी घातली. तात्यांची सगळ्यात शेवटी लागली. फ्यूज लवकर जागेवर बसवताच येईना त्यांना.