शंभराव्या जागेवरचा श्वास

मी बोलतोय तो अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या विद्यापीठातल्या एका कपाटातून. डॉक्टर मला स्पायरोमीटर म्हणतात. काम एकच, माणसाच्या छातीत किती दम आहे ते मोजायचं. नाकाला चिमटा, तोंडात नळी, छातीभर श्वास आणि मग जोरात फुंकर. भल्याभल्यांचा रुबाब तीन सेकंदांत उतरलेला मी पाहिलाय.

मला चालवायच्या शैलजाकाकू. तपासायला येणाऱ्या मुली त्यांना काकू म्हणायच्या, म्हणून मीही. मूळच्या नागपूरच्या, आवाज खणखणीत. "फुंक, फुंक, सोडू नकोस, अजून आहे!" असं त्या ओरडल्या की समोरची मुलगी उरलासुरला श्वासही बाहेर काढायची.

माझ्यात भरलेली 'नॉर्मल'ची मापं जुनी, दुसऱ्याच लोकांवरून घेतलेली. त्या मापांनी तुमच्याकडच्या धडधाकट पोरी उगाच कमी ठरायच्या. "पोरी ठणठणीत आहेत, तुझी पट्टीच चुकलीय," काकू मला सुनवायच्या. शेवटी नवी पट्टी बनवायला भारतीय घरांतल्या शंभर निरोगी तरुणी मोजायच्या, असं त्यांनी ठरवलं. मुली बसने आल्या, बर्फातून सायकली हाकत आल्या. तीन वर्षांत नव्याण्णव झाल्या.

शंभरावी जागा काकूंनी लेकीसाठी, सियासाठी अडवून ठेवली होती. ती दूर कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोला नोकरी करायची. दर सुट्टीत फोनवर तेच. "आई, फ्लाइट कॅन्सल केली. खूप वर्क आहे यार." फोन ठेवला की काकू माझी काच पुसत बसायच्या, स्वच्छ असली तरी. मला त्या पोरीचा भारी राग यायचा.

डिसेंबरात ती आली. काकूंनी हौसेने चिमटा काढून ठेवला, फॉर्म पुढे केला. सिया पहिल्याच पानावर अडली. तिथे विचारलं होतं, धूम्रपान किंवा व्हेपिंग, म्हणजे ई-सिगारेट ओढणं, कधी केलंय का? तिने 'हो'वर खूण केली.

"कॉलेजमध्ये, आई. टू इयर्स. आता सोडलंय."

अशी मुलगी शंभरात धरायची नाही, हा नियम काकूंचाच.

"म्हणून येत नव्हतीस?"

"तू विचारलं असतंस. अँड आय कान्ट लाय टू यू."

पेन काकूंच्या हातात होतं. एक खूण खोडायला कितीसा वेळ लागतो? माझा जीव टांगणीला लागला. काकूंनी पेनाला टोपण लावलं, फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला.

"मोजणीचं जाऊ दे. ये, बस इथे. मला तुझा श्वास बघायचाय."

सियाने फुंकलं. या वेळी काकू ओरडल्या नाहीत. "अजून आहे गं, अजून आहे," एवढंच म्हणाल्या. माझ्या पडद्यावर रेघ झकास चढली. काय बरं वाटलं मला!

शंभरावी म्हणून नंतर दुसरीच मुलगी आली. जूनमध्ये काकू निवृत्त झाल्या, नवं यंत्र आलं आणि मी कपाटात गेलो. इथे मला कुणी फुंकत नाही. काकूंच्या आवाजाची फार आठवण येते.

उद्या माझी मेमरी पुसायला माणूस येणार आहे. शंभर जणींचे आकडे आधीच उतरवून घेतलेत. त्यांना नावं नाहीत, नुसते क्रमांक. एका नोंदीला मात्र क्रमांक नाही, तिथे काकूंनी 'सिया' लिहिलंय. ती कुणीच उतरवून घेतलेली नाही.

तुमच्यापैकी कुणी इकडे आलंच, तर त्या माणसाचा हात क्षणभर धरा. म्हणावं, ही नोंद पुसण्याआधी सियाच्या आईला एक फोन कर.